विंडोज अपडेट झालं आणि प्रिंटर गप्प बसला

सांगलीत विजयनगरला कलेक्टर कचेरीच्या आसपास, गणपती पेठेत किंवा मिरजेत स्टँडजवळ ज्यांनी नुकतंच सेवा केंद्र, झेरॉक्स किंवा टायपिंगचं दुकान टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मार्केट यार्डात अडत दुकानी बसून पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) छापणाऱ्या पोरांनाही यातलं बरंच लागू पडेल. तक्रार ठरलेली असते: काल संध्याकाळपर्यंत धडाधड छापत होता, आज सकाळपासून एक पान येईना. आणि हा 'आज' बऱ्याचदा बुधवार असतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचं सुरक्षा अपडेट सोडते. अमेरिकेत सकाळी सुटलेलं ते आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या पुढं पोचतं आणि आपण शटर वर करून कॉम्प्युटर लावला की बसतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कितीतरी दुकानांतली मशिनं विंडोज ११ वर गेली. मशीन नवं झालं, प्रिंटर मात्र तोच जुना, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअर, त्याहून जुना.

अपडेटमुळं प्रिंटरचं यंत्र सहसा बिघडत नाही. कॉम्प्युटरपासून कागदापर्यंतच्या वाटेत एखादा सांधा निखळतो. तो कुठला हे आधी शोधायचं, मग हात घालायचा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर एक टेस्ट पेज, एवढी शिस्त ठेवा. चार गोष्टी एकदम केल्या आणि प्रिंटर चालू झाला, तर कशानं झाला हे कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला परत पहिल्यापासून सुरुवात.

आधी गिऱ्हाईक मोकळं करा

समोर कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा सातबाऱ्यासाठी उभं असेल तर त्याच्यासमोर दुरुस्ती सुरू करू नका. फाइल पीडीएफ म्हणून सेव्ह करा, पेनड्राइव्हवर घ्या आणि शेजारच्या दुकानातून काढून आणा. काम झालं की ती फाइल तिथल्या कॉम्प्युटरवरून आठवणीनं उडवा. लोकांची आधार कार्डं दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर पडून राहतात, ते बरं नव्हे. प्रिंटर वायफायचा असेल तर कंपनीच्या ॲपवरून मोबाइलनं प्रिंट देऊन बघा. गिऱ्हाइकाचंही काम होतं आणि मोबाइलवरून पान आलं तर प्रिंटर ठणठणीत आहे, गडबड कॉम्प्युटरमध्ये आहे, हेही लगेच समजतं.

मशीन जिवंत आहे का?

स्कॅनर असलेला ऑल-इन-वन प्रिंटर असेल तर काचेवर एखादा कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स निघाली म्हणजे शाई, टोनर, रोलर सगळं ठीक. झेरॉक्सही निघाली नाही तर अपडेटचा विचार सोडा, कागद अडकलाय का ते बघा.

कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० यांसारख्या साध्या लेझर प्रिंटरांना कॉपीचं बटण नसतं. आपल्या भागात ही दोन मॉडेलं अजून ढिगानं आहेत आणि त्यांचा स्वभाव माहीत असलेला बरा. पान तयार करायचं काम त्यांच्यात कॉम्प्युटरच करतो, प्रिंटर फक्त उमटवतो. १०२० चं तर फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आत चालणारं सॉफ्टवेअरसुद्धा, प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरवरून आत जातं. म्हणजे ड्रायव्हर बिनसला की दिवे लागतात, आवाज येतो, पण पान येत नाही. अशा वेळी लोक प्रिंटर भंगारात काढायला निघतात. थांबा जरा.

रीस्टार्ट, शट डाउन नव्हे

'बंद करून चालू केला की' असं सगळेच सांगतात. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी परत तोच उठतो. रीस्टार्ट केल्यावर सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. म्हणून मेन्यूतून 'रीस्टार्ट'च निवडा. तोपर्यंत प्रिंटरची पिन काढून अर्धा मिनिट तशीच ठेवा. यूएसबी केबल हबमधून आली असेल तर ती काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. अपडेट अर्धवट बसलेलं असेल, तर बऱ्याचदा इथंच काम होतं.

झालं नाही तर 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट', त्यात 'अपडेट हिस्ट्री' उघडून शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला बसलं ते कागदावर लिहून ठेवा. प्रिंटर बंद पडल्याची तारीख आणि ही तारीख जुळत नसेल तर दोष दुसरीकडं शोधायचा. परवा रात्री लाईट गेली होती का, हे आधी आठवा. त्यावर खाली येतोच.

प्रिंट भलतीकडंच जात नाही ना?

प्रिंट दिली की फाइल सेव्ह करायची खिडकी उघडते? मग प्रिंटर बरा आहे, डिफॉल्ट (न सांगता आपोआप वापरला जाणारा प्रिंटर) म्हणून पीडीएफ निवडला गेलाय. 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' इथं जा. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही सोय बंद करा. ती चालू असली की विंडोज स्वतःच्या मर्जीनं शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट करत बसते. मग आपला प्रिंटर उघडून 'सेट ॲज डिफॉल्ट' करा. क्रोमचा हिशेब मात्र वेगळा असतो. तिथं प्रिंटच्या खिडकीत 'डेस्टिनेशन' या रकान्यात मागच्या वेळचं 'सेव्ह ॲज पीडीएफ' तसंच राहिलेलं असतं.

आता यादी नीट बघा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतायत का, एक साधं आणि एक 'कॉपी १' लावलेलं? अपडेटनंतर किंवा केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर विंडोजला तोच प्रिंटर नवा वाटतो आणि ती त्याची दुसरी नोंद करते. आपण मात्र जुन्याच नावावर प्रिंट देत राहतो. यूएसबी केबल काढा आणि कोणतं नाव फिकट होतं ते बघा, परत लावल्यावर जे उजळतं तेच खरं. दुसरं काढून टाका. काढायचं नसेल तर जुन्या नावाच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' या टॅबवर जा आणि यूएसबी००१ वरची खूण काढून जिवंत नावाला जो पोर्ट आहे, समजा यूएसबी००३, त्यावर करा. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जुनंच नाव पक्कं बसवलेलं असतं, अशा ठिकाणी हा दुसरा मार्ग सोयीचा.

रांग अडकली असेल तर

प्रिंट दिलेलं काम थेट प्रिंटरकडं जात नाही. 'प्रिंट स्पूलर' नावाची एक सर्व्हिस ते आधी डिस्कवर घेते आणि ओळीनं पुढं सोडते. कारखान्याच्या काट्यावर पुढचा ट्रॅक्टर बंद पडला की मागची सगळी ऊसगाडी खोळंबते, तसंच इथं: अपडेटच्या वेळी अर्धवट राहिलेलं एक काम पुढं अडकतं आणि नंतरची सगळी 'प्रिंटिंग' म्हणत थांबतात. रांगेतून 'कॅन्सल' केलं तरी 'डिलीटिंग' असंच दिसत राहतं. तेव्हा हे याच क्रमानं करा:

१. प्रिंटर बंद करा.

२. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून ती खिडकी उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा, राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. खिडकी उघडीच ठेवा.

३. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज', त्यात 'सिस्टिम ३२', त्यात 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' असं आत जा. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू' म्हणा. या फोल्डरच्या आत जे असेल ते सगळं डिलीट करा. फोल्डर मात्र उडवू नका, आणि शेजारचा 'ड्रायव्हर्स' हा फोल्डर तर अजिबात नाही.

४. परत 'सर्व्हिसेस'मध्ये येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. त्यावर डबल क्लिक करून 'स्टार्टअप टाइप' हा 'ऑटोमॅटिक'च आहे ना, तेही बघून घ्या.

५. प्रिंटर चालू करा. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधून 'प्रिंट टेस्ट पेज' द्या.

स्पूलर चालू होऊन लगेच परत बंद पडत असेल, तर खराब ड्रायव्हर हे त्याचं नेहमीचं कारण.

ड्रायव्हर

ड्रायव्हर बदलायचा ठरला तर पूर्ण बदला. यादीतून 'रिमूव्ह' केल्यानं फक्त नाव जातं, ड्रायव्हर आतच राहतो आणि केबल लावली की तोच परत येतो. मग 'नवीन टाकला तरी तेच' अशी ओरड. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या पानावर खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे. त्यात 'ड्रायव्हर्स' टॅब उघडा, आपलं मॉडेल निवडा, 'रिमूव्ह' दाबा आणि 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' हा पर्याय घ्या. 'वापरात आहे' म्हणून नकार आला तर वर सांगितल्याप्रमाणे स्पूलर थांबवून चालू करा आणि लगेच पुन्हा काढा.

नवा ड्रायव्हर फक्त प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर'च्या वाटेला जाऊ नका. त्याहून वाईट म्हणजे प्रिंटर दुरुस्तीचे खोटे टोल-फ्री नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस कॉम्प्युटर रिमोटवर मागतो. सेवा केंद्राच्या मशीनवर लोकांची कागदपत्रं आणि आपलं वॉलेट असतं, तिथं हे परवडणारं नाही.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. जुन्या मशीनबरोबरची सीडी ३२-बिटची असेल तर ती विसरा. कंपनीच्या पानावर विंडोज ११ चं नाव नसलं तरी विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर बऱ्याचदा चालून जातो. इन्स्टॉल करताना यूएसबी केबल काढून ठेवा आणि इन्स्टॉलर 'आता लावा' म्हणेल तेव्हाच लावा. आधीच लावली तर विंडोज मध्ये पडते आणि स्वतःचं काहीतरी बसवून मोकळी होते.

ते 'स्वतःचं काहीतरी' काय असतं हेही समजून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं बंद करणार. त्याऐवजी बहुतेक नव्या प्रिंटरांना चालेल असा 'आयपीपी क्लास ड्रायव्हर' विंडोजमध्येच दिलेला आहे. नवा वायफाय प्रिंटर त्यावर छापतो, पण कधी शाईची पातळी दिसत नाही, कधी कागदाचे आकार कमी दिसतात. अशा वेळी कंपनीचं पूर्ण पॅकेज टाकायचं. २९०० किंवा १०२० सारख्या जुन्या यूएसबी प्रिंटरांना मात्र या ड्रायव्हरचा उपयोग नाही, त्यांना त्यांचाच लागतो. म्हणून आज चालणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उद्या तो सहज मिळेलच असं धरून चालू नका.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी एक गंमत आहे: 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड'. मूळचा तो बंद असतो. कोणी 'प्रोटेक्टेड' हा शब्द वाचून चांगल्या हेतूनं चालू केला, की कंपन्यांचे ड्रायव्हर बाजूला होतात आणि जुना प्रिंटर यादीतूनच नाहीसा होतो. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या पानावर खाली तो दिसेल. बंद करा आणि प्रिंटर नव्यानं जोडा.

दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर

काउंटरवरच्या मशीनला प्रिंटर जोडलेला आणि आतल्या टेबलावरून शेअरिंगनं प्रिंट, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. अपडेटनं सगळ्यात जास्त छळलंय ते हिला. जुलै २०२१ मध्ये स्पूलरमधली एक मोठी फट उघडकीला आली. 'प्रिंटनाइटमेअर' असं तिचं नाव पडलं. तिच्यातून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टनं नियम आवळले: ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनची परवानगी लागू लागली, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर ठिकठिकाणी शेवटी '११बी' असलेला एरर दिसू लागला. दोन मशिनांपैकी एक जुनं, अपडेट न घेतलेलं असलं की असं होतं.

यूट्यूबवर त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य करायचा उपाय सांगतात. प्रिंट येते, पण बुजवलेली फट परत उघडते. मी हा उपाय कोणाला सांगत नाही.

त्याऐवजी हे करा. दोन्ही मशिनांवर अपडेट पूर्ण घ्या. दोन्हीकडं 'सेटिंग्ज'मध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का बघा, 'पब्लिक' असेल तर शेअरिंग अडतं. काउंटरच्या मशीनवर पासवर्ड असलेलं एक युजर खातं ठेवा आणि आतल्या मशीनवरून तेच नाव-पासवर्ड द्या. बिनपासवर्डच्या शेअरिंगवर नव्या विंडोजचा, विशेषतः २४एच२ प्रो आवृत्तीचा, राग आहे. तरीही जमलं नाही, तर आतल्या मशीनवर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर आधी स्वतंत्र टाका. मग 'ॲड डिव्हाइस', पुढं 'मॅन्युअली', त्यात 'लोकल प्रिंटर' हा पर्याय घ्या, 'क्रिएट अ न्यू पोर्ट'मध्ये 'लोकल पोर्ट' निवडा आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, काउंटरच्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव असं लिहा. शेअर नावात जागा सोडू नका, साधं एका शब्दाचं ठेवा. अशानं ड्रायव्हर दुसऱ्या मशीनकडून मागवायची वेळच येत नाही.

पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा मात्र नेटवर्कचा घ्या. शेअरिंगचं सगळं लचांडच सुटतं.

वायफायवाला 'ऑफलाइन' दाखवतोय

यात दहातल्या बऱ्याच वेळा अपडेटचा हात नसतो. रात्री लाईट जाते, राउटर परत चालू होतो आणि प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, देतो. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो. प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कचं पान छापा, त्यावरचा आयपी ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडलं तर नेटवर्क ठीक. मग 'पोर्ट्स' टॅबमध्ये 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' करून तोच आयपी द्या, आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवा. राउटर नवा बसवला असेल तर एवढं लक्षात असू द्या की स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात.

छापतो, पण भलतंच

सातबारा छापताना मराठीऐवजी चौकोन किंवा विस्कटलेली अक्षरं येत असतील, तर ॲडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' करा. थोडं हळू छापतं, पण जसं दिसतं तसं.

काही न देता आपोआप पानांवर इंग्रजी अक्षरांच्या ओळी येऊ लागल्या तर व्हायरस म्हणून घाबरू नका. जानेवारी २०२५ च्या अखेरच्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर खरोखरच असे बरळत होते. आतला तांत्रिक निरोप कागदावर उमटत होता. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये दुरुस्ती दिली. अशा ठिकाणी उपाय म्हणजे पुढचं अपडेट घेणं.

यार्डातल्या डॉट मॅट्रिक्सचं दुखणं वेगळं. ड्रायव्हर नव्यानं बसला की निवडलेला कागदाचा आकार जातो आणि पट्टी अर्धी एका कागदावर, अर्धी दुसऱ्यावर. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉर्म्स' टॅबवर 'क्रिएट अ न्यू फॉर्म' करा, कागद मोजपट्टीनं मोजून रुंदी-उंची टाका, नाव द्या आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये तोच आकार निवडा. बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही तोच हवा. हळदीचे सौदे जोरात असताना यात वेळ घालवायचा नसेल तर ही मापं आत्ताच कुठंतरी लिहून ठेवा.

अपडेट काढून टाकायचं का?

सगळं करून झाल्यावर, आणि तारखा जुळत असतील तरच. 'अपडेट हिस्ट्री'त खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथून शेवटचं काढता येतं. मार्च २०२१ मध्ये एका अपडेटनं काही प्रिंटरांना प्रिंट देताच निळा पडदा येऊन कॉम्प्युटर बंद पडत होता. तेव्हा हाच मार्ग होता, आणि आठवड्याभरात दुरुस्तीही आली. पूर्ण विंडोजच नव्या आवृत्तीवर गेलं असेल तर 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' यातून मागं जाता येतं, पण साधारण १० दिवसांतच, आणि आधी डेटाची प्रत काढून.

अपडेट कायमचं बंद करून देणारे मेकॅनिक आहेत. त्यांच्याकडून ते करून घेऊ नका. 'पॉज' मात्र खुशाल करा, विंडोज ११ मध्ये ते ५ आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची झुंबड असते, त्या दिवसांत पॉज ठेवायचं आणि गर्दी ओसरली की एखाद्या निवांत संध्याकाळी अपडेट घ्यायचं, म्हणजे काही अडलं तरी हातात रात्र असते.

शेवटी मेकॅनिकला बोलवावंच लागलं तर 'प्रिंटर चालत नाही' एवढंच सांगू नका. प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, यूएसबी की वायफाय, स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप केल्यावर दिसणारी विंडोजची आवृत्ती, अपडेटची तारीख आणि एररचा मोबाइलवर काढलेला फोटो, एवढं आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. निम्मी कामं तो फोनवरच सांगून टाकेल.